रियाधची हेवीवेट लढत (२०२४)

मुष्टियुद्धातील हेवीवेट गटाचे निर्विवाद जगज्जेतेपद ठरवणारी लढत. ती १८ मे २०२४ रोजी सौदी अरेबियातील रियाध येथे किंगडम अरीनात झाली. युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने ब्रिटनच्या धिप्पाड टायसन फ्युरीला दोन विरुद्ध एक अशा पंचमताने हरवले. नवव्या फेरीत फ्युरी झोकांड्या खात दोरांवर आदळला, तेव्हा रेफ्रीने तो उभा असतानाच अंक मोजले. १९९९ मधील लेनॉक्स लुइसनंतर असा निर्विवाद विजेता झाला नव्हता. साहजिकच उसिकची तुलना जो लुइस, मुहम्मद अली यांच्याशी होऊ लागली. ती जपूनच करावी: जो लुइसने किताब २५ वेळा राखला, अलीच्या काळी जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या असत, आता १२ च्या असतात. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधलाच झालेली परतीची लढत उसिकने एकमताने जिंकली.