स्टिअरिंग कॉलम बदल, जुन्या पिकअप ट्रकमधील

जुन्या पिकअप ट्रकचा मूळ स्टिअरिंग कॉलम काढून त्या जागी नंतरच्या काळातला कॉलम बसवण्याचे काम. नवा कॉलम बहुधा वरखाली कलणारा, चावीचे कुलूप अंगातच असलेला आणि धडकेत दबणारा असतो. अमेरिकेत जुने ट्रक पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांमध्ये हे काम सर्रास चालते. शेव्हरोले आणि जीएमसी यांच्या १९७३ ते १९८७ या पिढीतले कॉलम १९६७ ते १९७२ च्या, तसेच त्याही आधीच्या ट्रकमध्ये बसवलेले आढळतात. त्या पिढीचे ट्रक चौदा-पंधरा वर्षे बनत राहिल्याने भंगारवाड्यांत त्यांचे कॉलम मुबलक मिळत आले. मिशिगनमधील टेकमसेची इडिडिट किंवा ओहायोतील फ्लेमिंग रिव्हर यांसारख्या कंपन्या याच कामासाठी नवे कॉलमही बनवतात.

हे काम करणारे बहुतेक जण कारण सांगतात सोयीचे. कलते चाक असले की पोट आणि गुडघे अडत नाहीत, चढणे-उतरणे सुलभ होते आणि इंडिकेटरचा दांडा नीट चालतो. ही सोय खरीच आहे; जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाचा कलता कॉलम १९६० च्या दशकात मोटारींमध्ये आला तो तिच्यासाठीच. पण नव्या कॉलमचे मोल याहून मोठे आहे. ते धडकेच्या क्षणी कळते, आणि बसवताना थोडी हयगय झाली तरी ते नाहीसे होते.

१९४७ ते १९५५ च्या शेव्हरोले ट्रकमध्ये स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकच सलग पोलादी दांडा जातो. समोरून धडक बसली की बॉक्स मागे ढकलला जातो आणि दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येतो. जनरल मोटर्स, क्रायस्लर आणि अमेरिकन मोटर्स यांनी आपल्या मोटारींत दबणारा कॉलम १९६७ च्या मॉडेलपासून दिला. फोर्डने तो पुढच्या वर्षी आणला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकी संघराज्याची दोन मानके, २०३ आणि २०४, मोटारींना लागू झाली. चालकाच्या धडाच्या जागी धरलेला ठोकळा ताशी २४ किमी वेगाने आदळल्यावर त्यावरील बल ११,१२० न्यूटनपेक्षा वाढता कामा नये, हे पहिल्या मानकात आहे. ताशी ४८ किमी वेगाने भिंतीवर धडकल्यावर कॉलमचे वरचे टोक १२७ मिमीपेक्षा जास्त मागे सरकता कामा नये, हे दुसऱ्यात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८१ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार अशा कॉलममुळे समोरच्या धडकेत चालक दगावण्याचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी घटला. हलक्या ट्रकना मात्र ही मानके १ सप्टेंबर १९८१ पासून लागू झाली. तोवर ट्रकमध्ये कसा कॉलम घालायचा, हे ज्या त्या कंपनीवर सोडलेले होते.

दबणाऱ्या कॉलमची रचना समजल्याशिवाय त्याला हात लावू नये. बाहेरची नळी दोन भागांची असते आणि धडकेत एक भाग दुसऱ्यात शिरतो. आतला दांडा आणि गियरची नळी यांचेही दोन-दोन भाग असून ते ओतीव प्लास्टिकच्या खुंट्यांनी जोडलेले असतात. ठरावीक जोर आला की खुंट्या तुटतात. डॅशखालच्या ब्रॅकेटमध्ये निसटत्या कुप्या असतात. चालकाचा भार आला की त्या सुटतात आणि कॉलमला पुढे सरकू देतात. त्यामुळे कॉलमच्या वरच्या टोकावर हातोडा मारणे हा या कामातला सर्वांत महागडा उतावीळपणा आहे. खुंट्या आतल्या आत तुटतात, बाहेरून काहीही दिसत नाही आणि कॉलम निकामी होतो. चाक काढायला पुलरच वापरावा लागतो. कुप्यांच्या जागी जाड पट्टी वेल्ड करणे किंवा नळी दबण्याच्या पट्ट्यातच कापून आखूड करणे यानेही तेच नुकसान होते. लांबीचा मेळ बसत नसेल तर कॉलमला हात न लावता त्याच्या आणि बॉक्सच्या मधला दांडा बदलावा.

हा मधला दांडा पिकअपमध्ये विशेष महत्त्वाचा असतो. स्टिअरिंग बॉक्स चासीला बसवलेला असतो, तर कॉलम केबिनला. आणि केबिन चासीवर रबरी गाद्यांवर टेकते. खडबडीत रस्त्यावर दोन्ही वेगवेगळे हलतात. म्हणून मधल्या दांड्याला आत-बाहेर सरकण्याची मुभा हवी आणि जोडांना लवचीकता हवी. कंपनीच्या रचनेत ती रबर आणि कापडाच्या चकतीतून येते. गॅरेजात तिला रॅग जॉइंट म्हणतात. ही चकती हादरे आणि आवाज गिळते, पण फार कोन सोसत नाही. कोन मोठा असेल तर युनिव्हर्सल जॉइंट लागतो. साधा जॉइंट साधारण ३० अंशांपर्यंत नीट चालतो. त्यापलीकडे दुहेरी जॉइंट घालतात. दोन जॉइंट असतील तर मधल्या दांड्यावरचे त्यांचे काटे एका रेषेत ठेवावे लागतात, नाहीतर चाक फिरवताना आळीपाळीने जड आणि हलके लागते. तीन जॉइंट झाले की मधल्या दांड्याला चासीवर आधाराचे बेअरिंग द्यावेच लागते. दांड्याचे टोक जॉइंटच्या आत जास्त घुसले तर तो अडकतो. जॉइंटचा स्क्रू दांड्यावर नुसता टेकवून भागत नाही. दांड्यात त्याच्यासाठी खळगा पाडून वर लॉकनट घट्ट करायचा असतो. बॉक्स आणि कॉलम यांच्या टोकांवरचे दाते वर्षागणिक बदललेले आहेत, त्यामुळे जॉइंट मागवण्याआधी व्यास मोजून दाते मोजणे हाच खात्रीचा मार्ग. पाऊण इंच व्यास आणि ३० दाते हे माप सॅगिनॉच्या नंतरच्या पॉवर स्टिअरिंग बॉक्सवर नेहमी आढळते.

विजेच्या जोडणीत घाईने घात होतो. अमेरिकी ट्रकच्या मागच्या लाल दिव्यात इंडिकेटर आणि ब्रेक एकाच फिलामेंटवर चालतात, म्हणून ब्रेकचा प्रवाह कॉलममधल्या इंडिकेटर स्विचमधून जातो. स्विच चुकीचा जोडला किंवा घासलेला असला तर ब्रेक दाबूनही मागचा दिवा पेटत नाही, आणि चालकाला त्याचा पत्ता नसतो. जनरल मोटर्सच्या तारांचे रंग बरीच वर्षे तेच राहिले, ही मोठीच सोय झाली. पांढरी तार ब्रेकची, जांभळी इंडिकेटर फ्लॅशरची, तपकिरी चारही दिवे लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरची, काळी हॉर्नची. फिकी निळी डाव्या पुढच्या दिव्याची, गडद निळी उजव्या पुढच्या, पिवळी डाव्या मागच्या आणि गडद हिरवी उजव्या मागच्या दिव्याची. या तारांचा चपटा कनेक्टर मात्र दोन मापांत येतो : १९६९ नंतरच्या कॉलमवर चार इंचांहून किंचित कमी, तर १९७७ च्या सुमारापासून सव्वाचार इंच. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. हॉर्नचे बटण रिलेला अर्थिंग देते, त्याला थेट बॅटरीची तार जोडायची नसते.

चावीचा प्रश्न निराळा. १९७२ पर्यंतच्या शेव्हरोले पिकअपमध्ये चावी डॅशवर होती, १९७३ पासून ती कॉलमवर गेली. नव्या कॉलममध्ये चावीचे कुलूप वर असते, खरा इग्निशन स्विच खाली नळीच्या पाठीवर असतो आणि दोघांना एक सळई जोडते. अनेकांना डॅशवरची जुनी चावीच ठेवायची असते. ती ठेवायला हरकत नाही. पण मग कॉलमचे चाक अडकवणारे कुलूप कायमचे निष्क्रिय केलेच पाहिजे. चालत्या गाडीत कोणी सहज ती दुसरी चावी फिरवली आणि चाक अडकले, तर पुढचे कोणाच्याच हातात राहत नाही. गियर खाली जमिनीवर असेल तर गियरचा दांडा नसलेला कॉलम शोधावा. ऑटोमॅटिक गियरच्या कॉलमवर न्यूट्रलचा स्विचही असतो. तो जुळवला नाही तर गाडी गियरमध्ये असताना सुरू होऊ शकते.

भंगारातून कॉलम घेताना चाक धरून वरखाली हलवून पाहावे. सॅगिनॉच्या कलत्या कॉलमचा डोक्याकडचा भाग चार स्क्रूंवर बसतो आणि ते सैल होणे ही त्याची जुनी खोड आहे. दुरुस्ती शक्य असते, मात्र चाक, कुलपाची थाळी आणि स्विच उतरवल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. शेव्हरोलेच्या पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये १९९५ पासून चालकाची एअरबॅग आली. तसा कॉलम जुन्या ट्रकमध्ये घालणारे आहेत, पण सेन्सर आणि नियंत्रकाविना ती एअरबॅग संरक्षण देत नाही. ती चाकात तशीच ठेवणे धोक्याचे आहे.

अमेरिकी कायदा व्यावसायिक गॅरेजला वाहनातली मानकांनुसार दिलेली सुरक्षा जाणूनबुजून निकामी करण्यास मनाई करतो. स्वतःच्या गाडीवर काम करणाऱ्या मालकाला ही मनाई लागू होत नाही, त्यामुळे निर्णयाचा सगळा भार त्याच्यावर पडतो. काम झाल्यावर पुढची चाके उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कलाच्या प्रत्येक स्थितीत फिरवून पाहतात. कुठेही अटकाव जाणवला तर जॉइंट पुन्हा उघडतात. ब्रेक दाबून धरून दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून पाहतात. थोड्या अंतराच्या फेरीनंतर प्रत्येक स्क्रू, लॉकनट आणि ब्रॅकेटचा नट पुन्हा तपासून घट्ट करतात.