दहा कलमांचा कुलवृत्तांत

एखादं सॉफ्टवेअर ‘ओपन सोर्स’ आहे की नाही, असा वाद निघाला की जगभर एकच कागद पुढे केला जातो. त्यावर दहा कलमं आहेत आणि ती छापली तर एखाद-दोन पानांत मावतात. बड्या कंपन्यांचे वकील त्याकडे बोट दाखवतात. भारत सरकारनं २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलं, त्यातली व्याख्याही याच वळणाची आहे: सोर्स कोड अभ्यासता, बदलता आणि पुन्हा वाटता आला पाहिजे. एवढ्या वजनाचा कागद कायदेपंडितांनी एखाद्या आंतरराष्ट्रीय परिषदेत घोटून घोटून तयार केला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात सीडीवर काय भरायचं आणि काय वगळायचं, हे ठरवण्यासाठी स्वयंसेवकांनी केलेली ती नियमावली होती. तिचा पहिला मसुदा लिहिणारे गृहस्थ दिवसा ‘टॉय स्टोरी’ बनवणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरी करत होते.

त्यांचं नाव ब्रूस पेरेन्स. ‘डेबियन’ हा प्रकल्प इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केला, तेव्हाची त्यांची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन अशा दोघांची नावं जोडून. डेबियन म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्याच्याभोवती लागणारे शेकडो प्रोग्रॅम एकत्र बांधून दिलेला संच. १९९६ मध्ये मर्डॉक बाजूला झाले आणि सूत्रं पेरेन्स यांच्याकडे आली. पिक्सारची छाप लगेच दिसली. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं पडू लागली: बझ, रेक्स, बो, हॅम. सतत बदलत राहणाऱ्या, केव्हाही मोडू शकणाऱ्या शाखेला नाव मिळालं सिड, म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. ही प्रथा अजून चालू आहे. बूट फ्लॉपीच्या इवल्याशा जागेत सगळी जरुरीची साधनं कोंबता यावीत म्हणून याच काळात पेरेन्स यांनी ‘बिझीबॉक्स’ लिहिलं. पुढे अनेकांचे हात लागून ते वाढलं आणि घरोघरच्या वायफाय राउटरमध्ये जाऊन बसलं.

पण कागदाचं मूळ डेबियनच्याही मागे जातं. १९८३ च्या सप्टेंबरात एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं केलं आणि १९८६ च्या फेब्रुवारीत संस्थेच्या पत्रिकेत ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणजे काय हे छापलं. तेव्हा त्यात दोनच स्वातंत्र्यं होती: प्रत करून दुसऱ्याला देण्याचं आणि प्रोग्रॅम बदलण्याचं. पुढे ती चार झाली. गंमत अशी की प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवण्याचं स्वातंत्र्य सुरुवातीला यादीतच नव्हतं. ते इतकं गृहीत होतं की लिहावंसं कुणाला वाटलं नाही. नंतर ते घालावं लागलं आणि त्याला पहिल्याच्या आधीची जागा मिळाली, शून्यावी. (प्रोग्रॅमर मंडळी शून्यापासूनच मोजतात.) या न लिहिलेल्या स्वातंत्र्याकडे लक्ष ठेवावं, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्याभोवती फिरतं.

स्टॉलमन यांची चार स्वातंत्र्यं म्हणजे तत्त्वज्ञान होतं. डेबियनवाल्यांची अडचण मात्र हमालीची होती. १९९६ च्या जूनमध्ये आलेल्या आवृत्तीत ४७४ पॅकेजेस होती, वर्षभरानं ९७४. प्रत्येकाचा लेखक वेगळा आणि परवाना आपापल्या लहरीचा. ‘एक्सव्ही’ नावाचा चित्रं पाहायचा प्रोग्रॅम तेव्हा घराघरात होता; खासगी वापराला फुकट, धंद्यासाठी पैसे. वॉशिंग्टन विद्यापीठाचं ‘पाइन’ हे ई-मेलचं साधन हवं तेवढं वाटा, पण बदललेली प्रत आम्हाला न विचारता वाटू नका, असं विद्यापीठाचं म्हणणं. आता डेबियनची सीडी तर कुणीही छापून विकावी, अशी मोकळीक होती. विकणाऱ्याला कसं कळावं की ९७४ पैकी कशावर कुणाची अट लटकते आहे? म्हणून संच विभागला होता: ‘मेन’मध्ये निर्धास्तपणे वाटता येईल ते, ‘नॉन-फ्री’मध्ये अटींची लफडी असलेलं. ही विभागणी करायची कसोटी मात्र नीट लिहिलेली नव्हती.

ठिणगी दुसरीकडेच पडली. डेबियनचे ईन शूस्लर यांनी रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीचे बॉब यंग यांना सुचवलं, की कंपनी कितीही मोठी झाली तरी मुक्त सॉफ्टवेअरची कास सोडणार नाही, असं वचन तुम्ही समाजाला लेखी द्या. यंग यांनी नकार दिला. असं वचन धंद्याच्या मुळावर येईल, असा त्यांचा सूर होता. एका व्यापाऱ्याच्या दृष्टीनं ते खोटं नव्हतं. डेबियनकडे भागधारक नव्हते, गमावण्यासारखंही काही नव्हतं. तर मग आपणच वचन देऊ, असं ठरलं. पेरेन्स यांनी मसुदा लिहिला, १९९७ चा सबंध जून महिना डेबियनच्या लोकांनी ई-मेलवर त्याचा कीस पाडला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘डेबियन सामाजिक करार’ जाहीर झाला. मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं, याची दहा कलमं या कराराचाच भाग होती.

कलमं वाचताना लक्षात येतं की प्रत्येकामागे कुणाची तरी खोड किंवा कुठला तरी तंटा आहे. चौथं कलम बघा. काही लेखकांना भीती, की आपल्या कोडमध्ये दुसऱ्यानं घाण केली तर नाव आपलं खराब होईल. त्यांच्यासाठी सवलत ठेवली: मूळ कोड जसाच्या तसा ठेवा आणि बदल वेगळ्या पॅच फाइलमध्ये द्या, असं लेखक म्हणू शकतो, बदललेल्या प्रोग्रॅमला नाव दुसरं द्या, असंही म्हणू शकतो. आणि लगेच कंसात प्रांजळ कबुली, की ही तडजोड आहे, लेखकांनी असे निर्बंध घालू नयेत अशीच आमची विनंती आहे. नियमातच नियमाबद्दलची नाखुशी नोंदवलेली मी दुसरीकडे फारशी पाहिली नाही. या कलमाचा वारसा आपल्या देवनागरीपर्यंत पोचतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता, बालू यांसारखे टंक ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात, त्यातही टंककाराला आपल्या टंकाचं नाव राखून ठेवता येतं: अक्षरं हवी तशी बदला, पण माझ्या नावानं खपवू नका.

खरा जीव आहे पाचव्या आणि सहाव्या कलमात. पाचवं म्हणतं, कुठल्याही व्यक्तीला वा गटाला वगळायचं नाही. सहावं म्हणतं, कुठल्याही कामासाठी वापरायला बंदी घालायची नाही. पाचव्यामागची हकिगत पेरेन्स यांनी १९९९ मधल्या एका लेखात सांगितली आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं इलेक्ट्रॉनिक सर्किटं आखण्याच्या एका प्रोग्रॅमच्या परवान्यात अट घातली होती, की दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी तो वापरू नये. वर्णभेदाच्या काळात ही अट घालणाऱ्याचा हात कोण धरेल? पण १९९४ साली नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि परवाना होता तसाच राहिला. ज्यांच्या बाजूनं ही बंदी घातली, त्यांच्याच सरकारच्या पोलिसांवर ती लागू. राजवट बदलते, परवान्यातलं वाक्य बदलायला मात्र कुणाला सवड नसते. सहाव्या कलमासाठी पेरेन्स यांनी मुद्दाम दोन टोकं घेतली: गर्भपात करणारा दवाखाना आणि गर्भपातविरोधी संघटना, दोघांनाही सॉफ्टवेअर सारखंच वापरता आलं पाहिजे.

हे वाचून पुष्कळांना वाटतं, की या लोकांना बऱ्या-वाईटाची चाड नव्हती. मला ते पटत नाही. पंगतीतला प्रत्येक पदार्थ करणाऱ्यानं ‘माझा पदार्थ अमक्याच्या पानात वाढू नका’ असं सांगितलं, तर त्यातली एकेक अट न्याय्य असली तरी पंगत उठतच नाही. ९७४ लेखकांच्या ९७४ नीतिमत्ता एका सीडीवर मावत नाहीत. शिवाय असल्या अटी प्रामाणिक माणूसच पाळतो. २००२ साली डग्लस क्रॉकफर्ड या प्रोग्रॅमरनी आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात अर्ध्या चेष्टेनं एक ओळ घातली, की हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही. डेबियननं ते ‘नॉन-फ्री’ ठरवलं. पुढे क्रॉकफर्ड यांनीच भाषणात किस्सा सांगितला: आयबीएमच्या वकिलांनी त्यांच्याकडे वेगळी परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली, आयबीएमनं, तिच्या गिऱ्हाइकांनी आणि बगलबच्च्यांनी हे खुशाल वाईट कामासाठी वापरावं म्हणून. सभागृह हसलं, पण वकिलांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

डेबियनचा कागद जगाचा झाला तो सात-आठ महिन्यांत. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केपनं आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. ३ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत काही मंडळी जमली. एरिक रेमंड होते, क्रिस्टीन पीटरसन होत्या. कंपन्यांना बिचकवणार नाही असं नाव हवं होतं. पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ सुचवलं आणि ते रुळलं. नाव तर मिळालं, त्याचा अर्थ कोण सांगणार? पेरेन्स यांच्याकडे दहा कलमं तयारच होती. त्यांनी त्यातला डेबियनचा उल्लेख काढून टाकला. आठव्या कलमात ‘परवाना केवळ डेबियनपुरता नसावा’ असं होतं, तिथे ‘एखाद्या उत्पादनापुरता नसावा’ असं झालं. चौथ्यातली ती कंसातली कबुली गळाली, जरा वाईटच वाटतं. मूळच्या दहाव्या कलमात नमुन्यादाखल तीन परवान्यांची नावं होती, जीपीएल, बीएसडी आणि आर्टिस्टिक. पुढे तीही गेली आणि परवाना एखाद्या विशिष्ट तंत्रज्ञानावर अडून नसावा, असं कलम तिथे बसलं. पेरेन्स आणि रेमंड यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था काढली. ‘ओपन सोर्स’ हा शब्द व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. म्हणजे या कागदाच्या मागे कायद्याचा दंडुका नाहीच. तो चालतो तो लोक मानतात म्हणून.

एका वर्षात पेरेन्स यांचाच सूर बदलला. १९९९ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीरपणे लिहिलं की आता पुन्हा ‘फ्री सॉफ्टवेअर’बद्दल बोलायला हवं, नव्या नावाच्या गाजावाजात स्वातंत्र्याचा मुद्दा मागे पडतोय. स्टॉलमन हेच सांगत होते. पेरेन्स संस्थेतून बाहेर पडले. नंतर ते परतले, आणि २०२० च्या जानेवारीत पुन्हा राजीनामा दिला, तेव्हा निमित्त होतं एका नव्या परवान्याला मान्यता देण्याच्या हालचालींचं. तोवर मान्य परवान्यांची संख्या शंभराच्या घरात गेली होती, आणि पेरेन्स यांचं म्हणणं, खरी गरज तीनच परवान्यांची आहे.

कलमांना सगळ्यात जोराचा धक्का दिला तो मात्र क्लाउडनं. डेटाबेस लिहिणारी कंपनी लहान आणि तो भाड्यानं चालवून पैसे कमावणारी कंपनी अवाढव्य, असं चित्र झालं. २०१८ मध्ये मोंगोडीबीनं, २०२१ मध्ये इलॅस्टिकनं, २०२४ मध्ये रेडिसनं परवाने बदलले, आणि तिन्ही नवे परवाने या दहा कलमांत बसेनात. मग आली एआय मॉडेल्स. मेटानं ‘लामा’ ओपन सोर्स म्हणून मिरवलं, पण ज्यांचे महिन्याचे वापरकर्ते ७० कोटींच्या वर आहेत त्यांनी वेगळी परवानगी घ्यावी, आणि अमुक अमुक कामांसाठी वापरू नये, अशा अटी सोबत होत्या. इनिशिएटिव्हनं नकार देताना नेमकी दोन कलमं दाखवली, पाचवं आणि सहावं. बर्कलीच्या त्या पोलीसबंदीवरून शिकलेला धडा मेटाच्या विरुद्ध कामी आला.

पेरेन्स स्वतः तोवर आणखी पुढे सरकले होते. कंपन्या अब्जावधी कमावतात, कोड सांभाळणारे फुकट राबतात आणि सामान्य वापरणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी नव्या परवान्याचा मसुदा मांडला: सामान्य माणसाला फुकट, बड्या कंपन्यांनी मात्र उत्पन्नाच्या प्रमाणात पैसे भरावेत आणि ते लिहिणाऱ्यांना मिळावेत. त्यांचं दुखणं खरं आहे. उपाय मला धोक्याचा वाटतो, कारण ‘बडा’ कोण हे एकदा परवाना ठरवू लागला की मागोमाग ‘बरा’ कोण हेही तोच ठरवू लागेल. १९९७ च्या जूनमध्ये पेरेन्स यांनी लिहिलेल्या पहिल्याच कलमात वाटपासाठी रॉयल्टी घ्यायला मनाई आहे, त्यामुळे त्यांचा हा परवाना त्यांच्याच कसोटीला उतरत नाही. त्यांनी त्याला ओपन सोर्स म्हटलेलंही नाही. नाव दिलंय ‘पोस्ट-ओपन’.