आठ टक्क्यांची गोष्ट

जून २००५. लान्स आर्मस्ट्राँगने सलग सातवी 'टूर द फ्रान्स' जिंकायला जेमतेम महिना उरला होता. तेव्हा 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी' या नामांकित संशोधनपत्रिकेत एक निबंध छापून आला. लेखक एकच, टेक्सास विद्यापीठातले एडवर्ड कॉइल. आणि ज्याच्यावर संशोधन केलं तो माणूसही एकच. कर्करोगातून उठून टूर जिंकत सुटलेला हा सायकलपटू कोण, हे नाव न घेताही कळत होतं.

मी हा निबंध वाचला तो सगळं उघडकीला आल्यानंतर. खुनी कोण हे माहीत असताना रहस्यकथा वाचावी, तसा. गंमत म्हणजे त्यात खोटेपणाचा वास कुठेच येत नाही. १९९२ ते १९९९ या काळात कॉइलनी आर्मस्ट्राँगला पाच वेळा प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवलं, त्याचा श्वास मोजला, निघालेली शक्ती मोजली. आपण शंभर रुपयांची ऊर्जा जाळली, तर त्यातले वीस-बावीस रुपयेच पेडलपर्यंत पोचतात. बाकीच्यांची उष्णता होते. कॉइलच्या हिशोबात आर्मस्ट्राँगचे २१ रुपये सात वर्षांत २३ झाले होते. म्हणजे कार्यक्षमतेत साधारण आठ टक्क्यांची वाढ. वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायूंमधल्या तंतूंचा प्रकार बदलला असावा, असं त्यांनी सुचवलं. पण त्यासाठी स्नायूचा तुकडा काढून तपासला नव्हता.

दुसरा मुद्दा वजनाचा. टूरच्या वेळी आर्मस्ट्राँग ७२ किलोच्या आसपास असतो, असं धरून दर किलोमागची शक्ती १८ टक्के वाढल्याचं निबंध सांगतो. पण ७२ हा आकडा आर्मस्ट्राँगच्या बाजूने आलेला होता. प्रयोगशाळेच्या काट्यावर तो १९९२मध्ये ७९ किलोच्या आसपास होता आणि नोव्हेंबर १९९९मध्ये ८०च्या. यातलं काहीही लपवलेलं नव्हतं. तक्त्यात सगळं छापलेलं होतं.

पत्रिकेबाहेर या निबंधाला वेगळंच वजन आलं. डॅलसच्या 'एससीए प्रमोशन्स' कंपनीने आर्मस्ट्राँगच्या विजयावरच्या ५० लाख डॉलर बोनसची हमी घेतली होती. डोपिंगच्या संशयावरून तिने पैसे अडवले आणि प्रकरण लवादापुढे गेलं. तिथे आर्मस्ट्राँगच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार होते कॉइल, तर कंपनीच्या बाजूने ऑस्ट्रेलियाचे रक्ततज्ज्ञ मायकेल अ‍ॅशेंडेन. २००६मध्ये कंपनीने ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

अ‍ॅशेंडेन मात्र तिथे थांबले नाहीत. मूळ नोंदी मिळवून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आकडेमोड पुन्हा केली. २००८मध्ये त्याच पत्रिकेत त्यांचं पत्र आलं: 'डेल्टा एफिशियन्सी' या मापाचं गणित चुकलं आहे. कॉइलनी चूक मान्य केली, पण ती किरकोळ आहे, निष्कर्ष बदलत नाही, असं म्हटलं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१२मध्ये अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेचा अहवाल आला, सातही विजेतेपदं गेली, आणि जानेवारी २०१३मध्ये ओप्रा विन्फ्रेसमोर कबुली: सातही टूरमध्ये बंदी घातलेली औषधं किंवा रक्तातली हेराफेरी. याच यादीतली पहिली टूर १९९९ची होती. निबंधातली शेवटची चाचणी तिच्यानंतर चार महिन्यांनी झाली.

कॉइलनी फसवणूक केली, असं मला म्हणायचं नाही. मला खटकतो तो त्यांचा प्रश्न. 'हा इतका चांगला कसा झाला?' असं विचारताना 'सरावाने' हे उत्तर आधीच गृहीत होतं. दुसरी शक्यता निबंधात शिरलीच नाही. यंत्राला श्वास मोजता येतो. त्या श्वासामागे काय चाललंय, हे यंत्र सांगत नाही.

२००८मध्येच सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'बायोलॉजिकल पासपोर्ट' सुरू केला. नीट पाहिलं तर तोही कॉइलसारखाच प्रयोग आहे: एकच खेळाडू, अनेक वर्षं, तेच ते आकडे. फरक इतकाच की आकडे तपासणाऱ्या तज्ज्ञांना ते कुणाचे आहेत हे कळत नाही. नाव झाकलेलं असतं, म्हणून कौतुकाला जागा नसते. रक्तपेशी सरावाने वाढल्या, उंचावर राहिल्याने वाढल्या, की इंजेक्शनने, हे तिन्ही प्रश्न विचारावेच लागतात. त्या मंडळात सुरुवातीला अ‍ॅशेंडेनही होते.

पासपोर्टनेही सगळे चोर सापडत नाहीत. अगदी थोडा डोस घेऊन निसटता येतं. तरी मला तो जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात कुणाच्या शब्दावर विसंबायचं नसतं. आज आपल्या मनगटावरचं घड्याळही 'व्हीओटू मॅक्स' सांगतं आणि कुणा विक्रमवीराचे आकडे फोनवर फिरत असतात. ते पाहताना मी आता दोन गोष्टी शोधतो: मूळ नोंदी दुसऱ्या कुणाला तपासायला मिळाल्या का, आणि मोजणाऱ्याने नको असलेलं उत्तरही शक्य मानलं होतं का. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत पहिली गोष्ट घडायला तीन वर्षं लागली. दुसरी त्या निबंधात घडलीच नाही.