ऐकलेला ग्राह, पाहिलेला मासा

सोलापूरचा इतिहास म्हटला की दुष्काळ आठवतो, कापडगिरण्या आठवतात, १९३० चा मार्शल लॉ आणि कुर्बान हुसेन आठवतात. पाणी आठवत नाही. तरीही जिल्ह्यातून भीमा वाहते, सीना वाहते. शहराच्या मधोमध किल्ल्याला लागून सिद्धेश्वर तळे आहे आणि बाहेर हिप्परग्याचा तलाव आहे. जिथे पाणी तिथे मासे, आणि जिथे खोल पाणी तिथे गोष्टी. या दोन्हींचा, म्हणजे गळाने धरलेल्या माशांचा आणि कधीच न धरल्या गेलेल्या प्राण्यांचा आपल्या भागातला इतिहास किती जुना आहे, हे शोधताना मला दोन ग्रंथ भेटले. दोन्हींमध्ये साधारण शंभर वर्षांचे अंतर आहे.

पहिला ग्रंथ अल्-बिरुनीचा. ख्वारिज्ममध्ये ९७३ साली जन्मलेला हा विद्वान महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास त्याने ‘किताब-उल-हिंद’ पूर्ण केला. त्यात नद्यांविषयी लिहिताना तो दक्षिण हिंदुस्थानातल्या एका विचित्र जलचराची माहिती देतो. त्याला ग्राह, जलतंतू आणि तंदुआ अशी वेगवेगळी नावे आहेत. अंगाने बारीक, पण फार लांब. पाण्यात उतरलेल्या माणसाभोवती किंवा जनावराभोवती तो दुरून वेढा घालतो, मग वेढा आवळत आणून पायांना गाठ मारल्यासारखा विळखा देतो आणि भक्ष्य खाली पाडतो. त्याचे डोके कुत्र्यासारखे असून शेपटीला लांब तंतू असतात, असेही तो लिहितो.

हे वाचून हसू येईल. पण अल्-बिरुनी कसे लिहितो ते पाहा. तो हा प्राणी आपण पाहिला असे म्हणत नाही. लोक असे सांगतात, असे तो म्हणतो. कुत्र्याच्या डोक्याची गोष्ट ज्याने तो प्राणी पाहिल्याचा दावा केला त्याच्याकडून ऐकली, असे वेगळे नोंदवतो. दक्षिणेत तो स्वतः कधी आला नव्हता. ऐकीव माहिती प्रत्यक्ष पाहण्याची बरोबरी करू शकत नाही, या विचारानेच त्याच्या ग्रंथाची सुरुवात होते. हदीसच्या अभ्यासात रिवायत जितकी महत्त्वाची तितकाच रावी महत्त्वाचा. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ही साखळी म्हणजे इस्नाद. अल्-बिरुनीने ग्राहाच्या बाबतीत जवळपास तेच केले. गोष्ट फेकून दिली नाही आणि स्वतःच्या नावावरही घेतली नाही.

‘ग्राह’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. गजेंद्रमोक्षाच्या कथेत हत्तीचा पाय पाण्यात धरून ठेवणारा ग्राहच आहे. बहुतेक जण त्याला मगर समजतात. पायाला विळखा, पाण्यात ओढणे, सुटका नसणे, हे सगळे त्या कथेतही आहे. एक पुराणकथा आणि नदीकाठची भीती मिसळून अल्-बिरुनीच्या कानापर्यंत पोहोचली असावी, असा माझा तर्क आहे.

दुसरा ग्रंथ त्याच दक्षिणेत, आपल्या अगदी जवळ लिहिला गेला. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला लागले की नळदुर्ग आणि उमरगा ओलांडल्यावर बसवकल्याण येते. तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. सोलापूरचा प्रदेश तेव्हा याच राज्यात होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर (११२७ ते ११३८) याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. शके १०५१, म्हणजे ११२९ च्या सुमाराचा. मराठी भाषेच्या इतिहासात त्यातल्या जुन्या मराठी शब्दांसाठी तो सांगितला जातो. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

या प्रकरणात राक्षस नाही. मासे आहेत, सुमारे पस्तीस नावांचे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान अशी त्यांची विभागणी आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते ते सांगितले आहे. आधी खाद्य टाकून माशांना एका जागेची सवय लावायची आणि मग गळ टाकायचा, ही रीत आहे. काठी आणि दोरी कशी असावी याचाही विचार आहे. भारतीय मत्स्यशास्त्राचे मोठे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा आधुनिक अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले.

गळाचा खेळ जाळ्याच्या धंद्यापेक्षा वेगळा आहे. जाळे ताकदीने ओढता येते. बारीक दोरीवर मोठा मासा लागला तर ताकद कामाची नाही. तो पळेल तेव्हा दोरी सैल सोडायची, थांबेल तेव्हा गोळा करायची, आणि काठीच्या वाकण्याने त्याला दमवायचे. यासाठी त्या माशाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. इंग्रजीत या विषयावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ चे आणि आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. कल्याणीचे प्रकरण त्या पहिल्या पुस्तकाच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचे आहे. पुढे इंग्रज साहेबांनी १९०० च्या सुमारास आपल्या देशातला आवडता ट्राउट मासा काश्मीरच्या थंड ओढ्यांत आणून सोडला. भीमेच्या कोमट पाण्यात तो जगला नसता. इथे त्याची गरजही नव्हती, कारण इथे महाशीर होता.

पण एक प्रश्न उरतो. राजाला ही पस्तीस नावे कोणी सांगितली? राजे दिवसभर नदीकाठी बसत नाहीत. ही माहिती पाण्यावर पोट असणाऱ्यांचीच असणार. मत्स्यविनोदात ज्ञान आहे, पण रावी हरवला आहे.

सातशे वर्षांनी हेच पुन्हा घडले, थोड्या फरकाने. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खनमध्ये फिरला आणि १८३८ मध्ये त्याने इथल्या माशांवरचा निबंध लंडनला सादर केला. त्यात चाळीसहून अधिक जाती होत्या. त्याने एक चांगली गोष्ट केली. काठावरच्या लोकांनी सांगितलेली नावे, कानाला जशी ऐकू आली तशी, शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोळस, गुंगवारी. आज जगातला कोणताही शास्त्रज्ञ आपल्या महाशीराला ‘टॉर खुद्री’ म्हणतो, तेव्हा तो मुळा-मुठेच्या काठचा एक शब्द उच्चारत असतो. त्या नद्यांचे पाणी पुढे भीमेतून आपल्याकडेच येते. शब्द राहिला. सांगणाऱ्याचे नाव इथेही राहिले नाही.

यातले सर्वांत सुंदर उदाहरण १९५२ चे आहे. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘खवलचोर’. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवले ओरबाडून खातो. ऐकायला ग्राहाइतकेच अजब. फरक एवढाच की हा खरा आहे, आणि नावच सांगते की तो कोणाच्या तरी नजरेने नीट पाहिलेला आहे.

म्हणून गोष्टी टाकून द्याव्यात, असे मी म्हणणार नाही. डोहातल्या साती आसरा, लग्नासाठी भांडी देणारे आणि कोणीतरी लबाडी केल्यावर देणे बंद करणारे तळे, या कथा महाराष्ट्रभर आहेत. आमच्या घरात दादीमाँ पाण्याजवळ गेल्यावर ख्वाजा खिज्र यांचे नाव घ्यायला सांगत. या सगळ्यांतून पोरांना एकच गोष्ट कळायची, की पाणी खोल आहे आणि ते आपले नोकर नाही. पोहता न येणाऱ्या लेकराला त्या भीतीने वाचवले असेल.

गोष्ट आणि नोंद यांची गल्लत झाली की मात्र नुकसान होते. स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरातल्या प्राण्याची चर्चा १९३३ पासून जगभर झाली. १९३४ चे त्याचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र बनावट असल्याचे १९९४ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी सरोवराच्या पाण्यातले डीएनए तपासले. राक्षसाचा मागमूस नव्हता, पण वाम माशासारख्या ईलचा अंश भरपूर सापडला. तो लांब, सापासारखा मासा. आपल्या नद्यांतही ईल आहे. ती अंडी घालायला समुद्राकडे जाते, आणि धरणांनी तिची वाट अडवली आहे. अल्-बिरुनीचा ग्राह म्हणजे हीच, असे मी म्हणत नाही. पण लांब, बारीक, पाण्यात वळवळणारे जनावर नदीत खरेच होते, एवढे नक्की.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. आज तिथल्या बाजारात चिलापीचे ढीग दिसतात. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. काचेच्या टाकीतून सुटलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा जाळ्यात आला की ‘उजनीत सापडला विचित्र प्राणी’ अशी चित्रफीत फिरते. कोणी पाठवली, कोणी पाहिले, कोणी विचारत नाही. त्याच काठावरच्या म्हाताऱ्या भोयाला विचारले तर तो मासा कधीपासून येऊ लागला आणि त्याआधी तिथे काय मिळत होते, हे तो नावानिशी सांगेल. तो गेला की ती नावेही जातील.

पंढरपूर, टेंभुर्णी, करमाळ्याच्या काठावर ज्यांचे कोणी ओळखीचे असेल त्यांनी एकदा वही घेऊन बसावे. माशाचे नाव लिहावे, तो कुठे आणि कोणत्या महिन्यात मिळत होता ते लिहावे. आणि जे सोमेश्वराने केले नाही, साइक्सनेही केले नाही, तेही करावे. सांगणाऱ्याचे नाव लिहावे.