'प्रा. लि.' आणि दिपोटीची परीक्षा

सुरतच्या पर्वत पाटियाला साड्यांच्या होलसेल मार्केटमध्ये गाळ्यागाळ्यावर पाट्या आहेत. बऱ्याच पाट्यांवर नावापुढे 'प्रा. लि.', म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, लिहिलेलं असतं. जवळच लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं राहतात आणि त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. ती पाटी आणि सुरत पूर्वी ज्यात होतं त्या मुंबई इलाख्यातल्या जुन्या शाळांची अनुदान ठरवणारी परीक्षा, दोन्हींचं मूळ शोधलं की एकाच इंग्रज राजकारण्याचं नाव निघतं: रॉबर्ट लो.

लोने १८५६ साली जॉइंट स्टॉक कंपनी कायदा पुढे रेटला. सात जणांनी सह्या करून कागद नोंदवले की मर्यादित जबाबदारीची कंपनी उभी. धंदा बुडाला तरी भागधारकाचं नुकसान भागाच्या रकमेपुरतं, घरदार वाचलं. १८५७ च्या एकोणिसाव्या कायद्याने ही सोय हिंदुस्थानातही आली. 'प्रायव्हेट' मात्र इथल्या १९१३ च्या कायद्यातलं.

पुढे हाच गृहस्थ शिक्षण खात्यात आला आणि १८६२ मध्ये त्याने अनुदान निकालाला बांधलं. मुलामागे हजेरीचे चार शिलिंग. वाचन, लेखन, अंकगणित यांत पास झाल्यास आणखी आठ. एका विषयात नापास, की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. परीक्षेच्या दिवशी मूल तापाने फणफणलं, तरी त्याचे आठ शिलिंग गेले. शिक्षण स्वस्त नसेल तर निदान कामाचं असेल आणि कामाचं नसेल तर स्वस्त असेल, असं लोने पार्लमेंटला पटवलं. अनुदान सुमारे ८ लाख १३ हजार पौंडांवरून १८६५ पर्यंत ६ लाख ३७ हजारांच्या आसपास उतरलं. मुलं खरोखर न शिकताही पास होतात, असं कवी आणि शाळा तपासनीस मॅथ्यू अर्नल्ड आपल्या अहवालात सांगत राहिला.

भांडवलदाराचा तोटा मर्यादित करणाऱ्या माणसाने अनुदानावर जगणाऱ्या मास्तराचा तोटा मात्र मोकळा सोडला. हा अन्यायच होता.

१८६०च्या दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यात आली. गावात दिपोटी, म्हणजे डेप्युटी शाळा तपासनीस, यायचा, ओळीने मुलं उभी राहायची आणि त्यांच्या उत्तरांवर शाळेचं अनुदान ठरायचं. शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १८८२ च्या हंटर कमिशनने कॉलेजांना यातून वगळलं, देशी प्राथमिक शाळांसाठी मात्र हीच पद्धत सुचवली. म्हणजे सर्वांत गरीब शाळांच्या मानेवर ती राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानंतर, ती मागे पडली.