कुठली पिन?



परवा नात मोबाइलवर काहीतरी मागवत होती. म्हणाली, "आजी, आपली पिन सांग." मी विचारलं, "कुठली गं? साडीची, एटीएमची की पोस्टाची?"

आपण सर्रास 'पिन नंबर' म्हणतो. पण पोस्टाची पिन म्हणजेच पोस्टल इंडेक्स नंबर. नंबर त्यात आलाच!

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवली टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे मराठी गृहस्थ संस्कृतचे मोठे जाणकार. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या भाषा, अर्धवट पत्ते यांतून पत्र नेमकं पोहोचावं, म्हणून हे सहा आकडे आले.

आमच्या रत्नागिरीचा पिनकोड ४१५६१२. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या भागाचा. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाची छाननी होते आणि शेवटचे तीन आपलं पोस्ट ऑफिस सांगतात. गंमत म्हणजे घाटावरचं सातारा ४१५००१, कराड ४१५११०. पण आमच्याच जिल्ह्यातलं राजापूर ४१६७०२, कोल्हापूरच्या ४१६ मध्ये! हे आकडे जिल्ह्याची हद्द पाहत नाहीत.

याच गमतीने मला एकदा रडवलं. माझं माहेर राजापूरचं, हाताला ४१६ ची सवय. एके वर्षी कराडच्या नणंदेशी माझं बिनसलं होतं. चातुर्मासभर बोलणं नाही. संवत्सरी झाल्यावर सगळ्यांत आधी तिलाच क्षमापनेचं कार्ड लिहिलं. 'मिच्छामि दुक्कडम' लिहिताना डोळे भरून आले आणि त्या भरात पिनकोड पडला ४१६११०.

कार्ड फिरत फिरत दिवाळीच्या तोंडावर पोहोचलं. तिचा फोन आला. "वहिनी, मला वाटलं, यंदा तुम्ही मला क्षमा केलीच नाही."

दोन महिने ती बिचारी हेच मनात धरून बसली होती. चूक माझ्या एका आकड्याची. त्या फोनवर मी तिची दुसऱ्यांदा क्षमा मागितली.

आता बहुतेकींची क्षमापना मोबाइलवरच होते. मी मात्र नणंदेला अजून कार्डच पाठवते. आधी त्या सहा चौकटी भरते, पुन्हा एकदा वाचते आणि मग मजकुराला हात घालते.