तळटीप : गर्भधारणेची जागा

लेखक येथे स्त्रीबीज व शुक्रजंतूचे मीलन गर्भाशयात होते असे म्हणतात. ते बरोबर नाही. मीलन होते बीजवाहिनीत, बहुधा तिच्या बीजकोशाकडील रुंद भागात. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, जगातील पहिली टेस्ट-ट्यूब बेबी ठरलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या वाहिन्या बंद होत्या, गर्भाशय मात्र गर्भ वाढवू शकत होते. म्हणूनच मीलन प्रयोगशाळेत घडवावे लागले. गर्भ वाढतो गर्भाशयातच ना, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण फलित बीज तिथे पोचून रुजायला सुमारे आठवडा लागतो, आणि क्वचित ते वाहिनीतच रुजते. ती फुटली तर रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. पाळी चुकल्यावर ओटीपोटात तीव्र कळ किंवा भोवळ आली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.